ध्रुवित झोताला आराखड्याच्या पहिल्या पानावर जागा द्या

प्रति,
माननीय सचिव, अणुऊर्जा विभाग, अणुशक्ती भवन, मुंबई
माननीय सचिव, विज्ञान व तंत्रज्ञान विभाग, नवी दिल्ली
आणि उच्च ऊर्जा भौतिकीच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पांत भारताचा वाटा ठरवणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य



मी पदव्युत्तर वर्गांना कणभौतिकी शिकवते. जगातला पुढचा मोठा कोलायडर कुठे, केवढा आणि कोणत्या सोयींसह उभा राहायचा, हे येत्या काही वर्षांत ठरणार आहे. जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये ९१ किलोमीटर परिघाच्या वर्तुळाकार यंत्राचा, म्हणजे एफसीसीचा, व्यवहार्यता अहवाल मार्च २०२५ मध्ये आला. त्यावरचा निर्णय २०२८ च्या सुमारास अपेक्षित आहे. सरळ रेषेतल्या यंत्रांचे प्रस्तावही मांडलेले आहेत. भारत जानेवारी २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. आपल्याला मत नसले, तरी बैठकीत खुर्ची आहे. जपानमधल्या प्रयोगांत तर आपली माणसे कितीतरी वर्षांपासून राबत आहेत. या सगळ्या ठिकाणी देशाच्या वतीने बोलणारे आणि पैसा मंजूर करणारे आपण आहात, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. कोलायडरचा खर्च वाढू लागला, की ज्या गोष्टींवर पहिली कात्री चालते त्यांत झोताचे ध्रुवण असते. ‘नंतर बघू’, ‘पुढच्या टप्प्यात घेऊ’ असे म्हणत ते बाजूला पडते आणि यंत्र एकदा बांधून झाले की पुन्हा आत घेणे अवघड होऊन बसते. भारताने तसे होऊ देऊ नये. ज्या यंत्रात आपण पैसा आणि माणसे घालणार, त्याच्या मूळ आराखड्यात ध्रुवित झोत असावा असा आग्रह धरावा. आणि तो झोत तयार करण्याच्या कामातला एक महत्त्वाचा भाग आपण अंगावर घ्यावा.

समितीतल्या सगळ्याच सदस्यांचा हा विषय नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. इलेक्ट्रॉनला स्पिन असते. ते त्याच्या धावण्याच्या दिशेत असेल तर तो उजवा, उलट दिशेत असेल तर डावखुरा. साध्या झोतात दोन्ही निम्मे-निम्मे असतात. ध्रुवित झोतात एक बाजू मुद्दाम वरचढ केलेली असते. ८० टक्के ध्रुवण म्हणजे शंभरातले नव्वद इलेक्ट्रॉन एका बाजूचे आणि दहा दुसऱ्या. विद्युतचुंबकीय बलाला डाव्या-उजव्याशी देणेघेणे नाही. दुर्बल बलाला मात्र आहे, हे चिएन-शिउंग वू यांच्या कोबाल्ट-६० वरच्या प्रयोगाने १९५७ साली जगाला पटले. डब्ल्यू बोसॉन फक्त डावखुऱ्या इलेक्ट्रॉनांना ओळखतो. झेड बोसॉन दोघांना ओळखतो, पण कमी-अधिक जोराने. ज्या नव्या बलांचा किंवा नव्या कणांचा आपण शोध घेत आहोत, त्यांनाही या बाबतीत स्वतःचा स्वभाव असणार. अशा वेळी दोन्ही प्रकारचे इलेक्ट्रॉन सरमिसळ करून आदळवले, तर तो स्वभाव सांगणारी खूण आपण टक्कर होण्याआधीच पुसून टाकतो.

ध्रुवित झोताने काय साधते याचा सगळ्यात सुंदर पुरावा १९७८ चा आहे. विद्युतचुंबकीय आणि दुर्बल बलांना एकत्र बांधणारा वाइनबर्ग, सलाम आणि ग्लॅशो यांचा सिद्धांत तेव्हा कागदावर उभा होता. विद्युतभार न बदलणारी दुर्बल क्रिया १९७३ मध्ये सापडली होती. पण त्या क्रियेत इलेक्ट्रॉनच्या बाबतीत डावे-उजवे होते की नाही, यावर सिद्धांताचे भवितव्य अडले होते. अणूंच्या वर्णपटावरचे प्रयोग एकमेकांविरुद्ध साक्ष देत होते. ऑक्सफर्ड आणि सिॲटलच्या गटांना परिणाम दिसत नव्हता, नोव्होसिबिर्स्कच्या गटाला दिसत होता. तेव्हा कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत चार्ल्स प्रेस्कॉट, रिचर्ड टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ई-१२२ नावाचा प्रयोग केला. गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकावर वर्तुळ-ध्रुवित लेसर प्रकाश टाकला, की बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन ध्रुवित असतात. प्रकाशाची फिरण्याची दिशा उलटवली, की इलेक्ट्रॉनही उलटतात. ही उलटापालट पॉकेल्स सेल नावाच्या उपकरणाने, स्पंदामागून स्पंद, कोणताही ठरावीक क्रम न ठेवता केली जात होती. त्यामुळे यंत्राच्या तापमानात किंवा झोताच्या तीव्रतेत हळूहळू होणाऱ्या बदलांचा डाव्या-उजव्याच्या तुलनेवर परिणाम होत नव्हता. हे इलेक्ट्रॉन द्रवरूप ड्यूटेरियमवर सोडले आणि डावखुरे किती विखुरले, उजवे किती विखुरले, ते मोजले. फरक निघाला दहा हजारांत सुमारे एक.

दहा हजारांत एकावर विश्वास कसा ठेवायचा? या प्रश्नाचे त्या गटाने दिलेले उत्तर मी दर वर्षी वर्गात सांगते. प्रवेगकातून निघालेला झोत प्रयोगगृहाकडे नेताना २४.५ अंशांतून वळवला जात असे. अशा वळणावर इलेक्ट्रॉनची दिशा जितकी बदलते, त्याहून त्याचे स्पिन अधिक फिरते. किती अधिक, ते झोताच्या ऊर्जेवर ठरते. १९.४ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेला स्पिन पूर्ण फेऱ्या मारून मूळ दिशेला येते. १७.८ ला ते आडवे पडते, म्हणजे डावे-उजवे असे काही उरतच नाही. १६.२ ला ते बरोबर उलटे होते. मोजलेला फरक अगदी याच चालीने गेला. १९.४ ला एका चिन्हाचा, १७.८ च्या आसपास शून्य, १६.२ ला विरुद्ध चिन्हाचा. उपकरणातल्या कोणत्याही दोषाला ही चाल ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पुढच्याच वर्षी त्या तिघा सिद्धांतकारांना नोबेल पारितोषिक मिळाले. ई-१२२ मध्ये नवा कण दिसला नव्हता. एक अतिशय छोटा फरक अतिशय सचोटीने मोजला गेला होता, इतकेच. पण त्याने कणभौतिकीच्या आजच्या मान्य सिद्धांताचा, म्हणजे प्रमाण प्रतिकृतीचा, पाया पक्का केला.

दुसरे उदाहरण थेट कोलायडरचे आहे आणि आपल्यापुढच्या निर्णयाशी त्याचा सरळ संबंध आहे. नव्वदच्या दशकात झेड बोसॉनचा अभ्यास दोन यंत्रांवर चालला होता. सर्नचा एलईपी हा २७ किलोमीटरचा. त्यावरच्या चार प्रयोगांनी मिळून झेडचे सुमारे १ कोटी ७० लाख क्षय नोंदवले. स्लॅकचा एसएलसी हे त्याच्या तुलनेत लहान यंत्र. तिथे एसएलडी हा एकच डिटेक्टर होता आणि त्याने ध्रुवित झोत वापरून नोंदवले ६ लाखांच्या आसपास. पण एसएलसीच्या इलेक्ट्रॉनांना ध्रुवण होते. १९९२ मध्ये ते २२ टक्के होते. गॅलियम आर्सेनाइडचा ताण दिलेला थर कॅथोड म्हणून आला, तेव्हा १९९३ मध्ये ते ६३ टक्क्यांवर गेले आणि पुढे ७५ च्या आसपास राहिले.

याचा लाभ फळ्यावर दोन ओळींत दाखवता येतो. विद्युतचुंबकीय आणि दुर्बल बलांची सरमिसळ किती हे सांगणाऱ्या दुर्बल मिश्रणकोनाच्या साइनचा वर्ग s मानू. त्याचे मूल्य सुमारे ०.२३१ आहे. झेडचे डावखुऱ्या इलेक्ट्रॉनशी नाते −०.५ + s, म्हणजे −०.२६९. उजव्याशी नाते नुसते s, म्हणजे ०.२३१. दोघांचे वर्ग घेतले तर ०.०७२ आणि ०.०५३. त्यांच्या वजाबाकीला बेरजेने भागले, की मिळते साधारण ०.१५. डावखुरा झोत आणि उजवा झोत यांच्याकडून तयार होणाऱ्या झेडच्या संख्येतला हा फरक. त्यासाठी झेड पुढे कशात मोडला हे बघायची गरज नाही, सगळे प्रकार एकत्र मोजता येतात. आता s मध्ये एक हजारांशाचा बदल करून पाहा. उत्तर आठ हजारांशांनी हलते. निसर्गातला छोटा बदल आठपट मोठा होऊन हाती येतो, तोही अगदी साध्या मोजणीतून.

परिणामी एसएलडीने s चे मूल्य ०.२३०९८ दिले, अनिश्चिती ०.०००२६. एलईपीवरच्या बॉटम क्वार्कांच्या पुढे-मागे विषमतेतून मूल्य आले ०.२३२२१, अनिश्चिती ०.०००२९. एकीकडे दीड कोटीहून जास्त झेड आणि दुसरीकडे सहा लाख, तरी अचूकता बरोबरीची. आणि ही दोन मूल्ये एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांच्यातले अंतर प्रमाण विचलनाच्या तिपटीहून जास्त आहे. ही संख्याशास्त्राची लहर असेल, कुठेतरी सूक्ष्म चूक राहिली असेल, किंवा बॉटम क्वार्कच्या आडून काही नवे डोकावत असेल. २००६ मध्ये अंतिम एकत्रित निकाल प्रसिद्ध झाला, तेव्हाही हा तिढा सुटला नव्हता आणि आजही सुटलेला नाही. माझ्या मते, सर्नचा एलएचसी हा कोलायडर सुरू होण्यापूर्वीच्या काळाने आपल्या हाती सोपवलेल्या प्रश्नांपैकी हा सर्वांत बोलका आहे. ज्या उपायाने तो निर्माण झाला, तो उपाय पुढच्या यंत्रात नसावा, हे मला पटत नाही.

नव्या भौतिकीच्या शोधात ध्रुवण आणखी कसे उपयोगी पडते? इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांच्या टकरीत डब्ल्यू बोसॉनांच्या जोड्या भरपूर तयार होतात. नव्या कणांच्या खुणा बऱ्याचदा त्यांच्याच गर्दीत हरवतात. जपानसाठी आखलेल्या आयएलसी या रेषीय कोलायडरमध्ये इलेक्ट्रॉनांना ८० टक्के आणि पॉझिट्रॉनांना ३० टक्के ध्रुवण देण्याची योजना आहे. इलेक्ट्रॉन उजवे आणि पॉझिट्रॉन डावे ठेवले, तर न्यूट्रिनोच्या देवाणघेवाणीतून होणारी डब्ल्यूची निर्मिती साध्या झोताच्या फक्त १४ टक्के उरते. दोन्ही उलटे केले, की ती २३४ टक्क्यांवर जाते. एक कळ फिरवली की सोळासतरा पट फरक! खडे निवडलेलाच गहू चाळणीत घ्यावा, तसे हे आहे. कृष्णद्रव्याच्या शोधातही असेच होते. तिथे अदृश्य कणांसोबत सुटणारा एकटा फोटॉन टिपायचा असतो आणि न्यूट्रिनोंच्या जोड्या नेमकी तीच खूण दाखवून फसवतात. उजव्या इलेक्ट्रॉनांचा झोत लावला की ही फसवणूक बरीच ओसरते.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ओळख पटवणे. समजा एखादा नवा कण दिसला. तो डावखुऱ्या इलेक्ट्रॉनचा जोडीदार की उजव्याचा? नवे बल झेडच्या कुळातले की वेगळ्याच वंशाचे? झोत उलटवून पाहिल्याशिवाय याचे थेट उत्तर मिळत नाही. पॉझिट्रॉनही ध्रुवित असतील तर आणखी एक दार उघडते. डावा-डावा किंवा उजवा-उजवा असा जोड लावला, तर फोटॉन आणि झेड यांच्याद्वारे होणारे विलोपन बंद पडते. तिथे काही घडताना दिसले, तर ते प्रमाण प्रतिकृतीच्या नेहमीच्या वाटेने आलेले नाही हे जवळजवळ उघड असते. हॅम्बुर्गच्या हेरा यंत्रावर २००३ नंतर ध्रुवित इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन प्रोटॉनांवर आदळवले गेले. विद्युतभार बदलणाऱ्या क्रियेचे प्रमाण ध्रुवणानुसार सरळ रेषेत घटते आणि पूर्ण उजव्या इलेक्ट्रॉनांसाठी ती रेषा शून्याकडेच जाते, हे तिथे दिसले. उजव्या हाताचा डब्ल्यू असलाच, तर त्याच्यासाठी किती जागा उरते हे त्यावरून ठरले.

या विषयात आपली माणसे मागे नाहीत. बंगळूरचे बी. अनंतनारायण आणि अहमदाबादचे सौरभ रिंदाणी यांनी आडव्या ध्रुवणातून सीपी-भंगाचा, म्हणजे द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्या वागण्यातल्या फरकाचा, शोध कसा घेता येईल हे दोन दशकांपूर्वी दाखवले. रेषीय कोलायडरवरच्या ध्रुवणाचा जो मोठा आंतरराष्ट्रीय आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच्या लेखकांत हे दोघे आहेत. पुण्यात जन्मलेल्या रोहिणी गोडबोले यांनी टॉप क्वार्कच्या ध्रुवणातून नव्या भौतिकीचा माग कसा काढावा यावर मोलाचे काम केले आणि रेषीय कोलायडरसाठी देशात व परदेशात अखंड आग्रह धरला. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या पिढीने गणिताची बाजू भक्कम करून ठेवली आहे. यंत्राची बाजू मात्र आपल्याकडे तितकी उभी राहिलेली नाही आणि ती उभी करणे फक्त आपल्या हातात आहे.

विरुद्ध बाजूचे म्हणणेही मला आपल्यापुढे ठेवायचे आहे, कारण ते वजनदार आहे. एफसीसीचे समर्थक म्हणतात, की आम्ही काही लाख कोटी झेड तयार करू. एवढ्या संख्येपुढे झोताच्या ध्रुवणाची उणीव जाणवणार नाही. इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद असलेला टाऊ लेप्टॉन मोडताना स्वतःचे ध्रुवण सांगतो, तेवढे आम्हाला पुरे. शिवाय मोठ्या वर्तुळात ध्रुवण आपोआप तयार व्हायला फार वेळ लागतो. झेडच्या ऊर्जेला एफसीसीत तो शेकडो तास आहे. स्पिन धावण्याच्या दिशेत वळवून टकरीपर्यंत टिकवायचे, तर टकरींचा वेग कमी होतो. हे सगळे खरे आहे. आणि एफसीसी ध्रुवणाला पूर्ण रजा देत नाही, हेही खरे. आडवे ध्रुवण वापरून झोताची ऊर्जा मोजण्याची पद्धत ते घेणार आहेत. एलईपीवर याच पद्धतीने झेडचे वस्तुमान ९१,१८७.५ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतके ठरले, अनिश्चिती फक्त २.१. ती मोजणी इतकी हळवी होती, की चंद्राच्या ओढीने जमिनीला येणाऱ्या भरतीमुळे २७ किलोमीटरचे वर्तुळ जेमतेम एक मिलिमीटर ताणले जाते, ते झोताच्या ऊर्जेत दिसले. जिनिव्हाहून सुटणाऱ्या वेगवान फ्रेंच रेल्वेगाड्यांचा जमिनीतून फिरणारा विद्युतप्रवाहही चुंबकांवर उमटलेला सापडला.

तरी माझे मत बदलत नाही. संख्येने सांख्यिकी अनिश्चिती घटते, पद्धतशीर चूक तशी घटत नाही. टाऊच्या क्षयातून मिळणारे उत्तर त्या क्षयाच्या प्रतिकृतीवर आणि डिटेक्टरच्या समजेवर टेकलेले असते. झोत उलटवून मिळणारे उत्तर झोताचे ध्रुवण किती नेमके मोजले यावर टेकलेले असते. दोन्हींच्या कच्च्या जागा वेगळ्या आहेत. नव्वदच्या दशकातला तिढा आपल्याला दिसला तो दोन वेगळ्या वाटांनी मोजले म्हणूनच. सर्व भार एकाच वाटेवर टाकला, तर उत्तर कितीही दशांश स्थळांपर्यंत आले तरी त्याला आव्हान देणारे कोणी उरत नाही. एसएलडीच्या गटाने तर आपला पॉझिट्रॉन झोत खरोखर अध्रुवित आहे ना, हे तपासण्यासाठी तो झोत वेगळ्या प्रयोगगृहात नेऊन मोजला. मोठा दावा करायचा तर इतकी खबरदारी घ्यावी लागते, आणि तशी ती घेण्याची सोय यंत्रातच असावी लागते. म्हणून सर्नच्या चर्चेत भारताने एफसीसीला विरोध करावा असे मी म्हणत नाही. रेषीय यंत्राचा पर्याय आणि त्यातले दोन्ही झोतांचे ध्रुवण खर्चाच्या नावाखाली गुपचूप गळू नये, एवढे आपण ठामपणे मांडावे.

आता दूरच्या यंत्रांवरून जवळच्या यंत्राकडे येते. जपानमध्ये त्सुकुबाला केईके प्रयोगशाळेत सुपर-केईकेबी हा ३ किलोमीटर परिघाचा कोलायडर चालू आहे. तिथे ७ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन आणि ४ चे पॉझिट्रॉन आदळतात. त्यावरच्या बेल-२ या डिटेक्टरमधल्या सिलिकॉन पट्ट्यांचा चौथा थर आपल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, म्हणजे टीआयएफआरच्या, गटाने जुळवला आहे. केसाच्या जाडीहून बारीक अंतरे सांभाळत केलेले हे काम आहे. मुंबईची, आणि देशातल्या इतरही संस्थांची, मुलेमुली त्या प्रयोगावर पीएचडी करतात.

या यंत्रातल्या इलेक्ट्रॉनांना सुमारे ७० टक्के ध्रुवण देण्याचा प्रस्ताव २०२२ मध्ये तपशिलासह मांडला गेला. त्यासाठी नवा बोगदा लागत नाही. ध्रुवित इलेक्ट्रॉनांचा स्रोत हवा. वर्तुळात उभे असलेले स्पिन टकरीच्या जागी धावण्याच्या दिशेत वळवणारे आणि पलीकडे पुन्हा उभे करणारे चुंबक हवेत. आणि लेसरच्या प्रकाशावर इलेक्ट्रॉन विखरवून ध्रुवण मोजणारे उपकरण हवे. टाऊच्या क्षयातून झोताचे ध्रुवण अर्ध्या टक्क्याहून कमी त्रुटीत मोजता येते, हे स्लॅकच्या बाबर प्रयोगाच्या जुन्या माहितीवर काम करून २०२३ मध्ये दाखवलेही गेले आहे.

त्यातून काय मिळेल? झेडच्या ऊर्जेपासून खूप खाली, १०.५८ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टला, इलेक्ट्रॉन, म्युऑन, टाऊ, चार्म आणि बॉटम या पाचांशी झेडचे नाते एकाच यंत्रावर, एकाच पद्धतीने तपासता येईल. वर सांगितलेला तिढा बॉटम क्वार्काभोवती आहे, हे आठवावे. शिवाय टाऊच्या चुंबकीय आघूर्णातल्या विसंगतीची मोजणी लाखात एक या पातळीपर्यंत नेता येईल. म्युऑनच्या याच राशीवर जगाने दोन दशके डोळे लावले. नवी भौतिकी वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात जोर धरत असेल, तर टाऊमध्ये तिचा परिणाम म्युऑनच्या सुमारे २८० पट असायला हवा. हे यंत्र आजचे आहे. आज जी मुलगी बी.एस्सी.ला आहे, तिच्या पीएचडीच्या काळात यातले काही हाती येऊ शकते. ९१ किलोमीटरच्या वर्तुळाबद्दल तिला असे सांगता येत नाही.

भारताने या प्रस्तावाच्या मागे उभे राहावे आणि रिकाम्या हातांनी उभे राहू नये. एलएचसीच्या बोगद्यातल्या चुंबकांना आधार देणारे हजारो जॅक आणि अतिसंवाहक दुरुस्ती-चुंबक भारतातून गेले होते. ते काम इंदूरच्या आरआरकॅट या प्रवेगक आणि लेसर केंद्राच्या देखरेखीखाली झाले. चुंबकांची ही जाण स्पिन फिरवणाऱ्या चुंबकांसाठी वापरता येईल. लेसर हा इंदूरचा जुना विषय आहे.

पण माझ्या मनात सगळ्यात वर आहे तो कॅथोड. तो बघायला गेले तर एक नखाएवढी चकती. गॅलियम आर्सेनाइडवर दोन वेगळ्या संयुगांचे काही नॅनोमीटर जाडीचे थर आळीपाळीने चढवतात. थरांच्या स्फटिकजाळ्या किंचित बेजोड असल्यामुळे त्यांच्यात ताण बसतो. साध्या गॅलियम आर्सेनाइडमध्ये इलेक्ट्रॉन ज्या दोन पातळ्यांवरून उठतात त्या एकाच उंचीवर असतात, आणि त्यामुळे ध्रुवण ५० टक्क्यांच्या पुढे जाऊ शकत नाही. ताण त्या पातळ्यांना वेगळे करतो आणि लेसरचा रंग नेमका जुळवला, तर ८० ते ९० टक्के गाठता येतात. वरून सीझियम आणि ऑक्सिजन यांचा अणुभर जाडीचा लेप द्यायचा, म्हणजे आतले इलेक्ट्रॉन सहज बाहेर पडतात. हा लेप इतका नाजूक, की निर्वातात किंचित खोट राहिली तरी कॅथोड मरतो. असे उत्तम कॅथोड बनवणारे जगात मोजकेच आहेत. आणि न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेव्हनमध्ये उभा राहणारा इलेक्ट्रॉन-आयन कोलायडर असो, सुपर-केईकेबी असो की पुढचे रेषीय यंत्र, सगळ्यांना ते लागणार आहेत.

गॅलियम आर्सेनाइडच्या कुळातले अर्धसंवाहक थरावर थर वाढवण्याचे कसब मुंबईत आहे. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये आणि पवईला आयआयटीत अशा प्रयोगशाळा वर्षानुवर्षे चालत आल्या आहेत. ही माणसे घनस्थिती भौतिकीत आणि अभियांत्रिकीत बसतात, कणभौतिकीवाले दुसऱ्या इमारतीत, प्रवेगकवाले इंदूरला आणि कोलकात्याला. त्यांना एका टेबलाशी आणण्याचे काम कोणा एका प्राध्यापकाच्या अर्जाने होत नाही. ते विभागाने करायचे असते. ध्रुवित इलेक्ट्रॉनांचा एक छोटा स्रोत आपल्या देशात उभा करा. अतिनिर्वात कक्ष, लेसर, कॅथोड आणि ध्रुवण मोजणारे उपकरण, एवढे असलेली एक प्रयोगशाळा पुरे. खर्चाच्या दृष्टीने ती महाप्रकल्पांच्या जवळपासही जाणार नाही. पण तिथे तयार झालेला विद्यार्थी जगातल्या कोणत्याही कोलायडरच्या गाभ्यात काम करू शकेल.

हिंगोली जिल्ह्यात लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, तेव्हा माझ्या वर्गातल्या मराठवाड्याच्या मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसले ते मला माहीत आहे. मोठे विज्ञान आपल्या हाताशी येऊ शकते, हे त्यांना प्रथमच खरे वाटले. त्याच मुलांना मी ई-१२२ शिकवते आणि ती विचारतात, “मॅडम, असा झोत आपल्याकडे कुठे बघायला मिळेल?” आज मला त्यांना एकही ठिकाण सांगता येत नाही.

म्हणून आपल्याकडे तीन विनंत्या आहेत. सर्नच्या पुढील निर्णयप्रक्रियेत भारताची भूमिका मांडताना झोताच्या ध्रुवणाबद्दल, विशेषतः पॉझिट्रॉनांच्या ध्रुवणाबद्दल, आपले मत लेखी आणि जाहीरपणे नोंदवा. सुपर-केईकेबीच्या ध्रुवित इलेक्ट्रॉन प्रस्तावात भारत कोणता भाग बनवून देऊ शकतो, याचा अभ्यास टीआयएफआर, आरआरकॅट आणि आयआयटी मुंबई यांच्याकडून ठरावीक मुदतीत करून घ्या आणि केईकेशी बोला. आणि ध्रुवित स्रोताच्या प्रयोगशाळेसाठी येत्या आर्थिक वर्षातच प्राथमिक निधी द्या.

विभागाच्या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या उच्च ऊर्जा भौतिकी परिसंवादात या विषयासाठी एक खुले सत्र ठेवले, तर देशभरचे शिक्षक आणि विद्यार्थी तयारीनिशी येतील. मीही माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन येईन.

आपली,
कणभौतिकीची एक शिक्षिका